संशोधनाचा प्रश्न मुलांना कुठे सापडतो? खानापूर तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेला उत्तर

मॅडम, तुमची अडचण थोडक्यात अशी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तुम्ही आठवी ते दहावीला विज्ञान शिकवता. बाल विज्ञान परिषदेसाठी मुलांनी स्वतःचा प्रश्न घेऊन अभ्यास करायचा असतो, पण मुलं दरवर्षी यूट्यूबवरचा ज्वालामुखी, पवनचक्की, नाहीतर ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ घेऊन येतात. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात नववीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘जोंधळ्याची भाकरी कधी कधी थापतानाच का मोडते?’ स्टाफरूममध्ये हशा झाला, आणि हा विषय होऊ शकतो का, हे तुम्हालाही ठरवता येईना.

होतो. फार चांगला होतो. त्या मुलीकडे शेवटी येतो, कारण तिला सविस्तर उत्तर द्यायचं आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यातल्या मुलांबरोबर मी पुष्कळ वर्षं हे काम केलं आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: मुलांना प्रश्न शोधायला सांगूच नये, फरक शोधायला सांगावा. ‘प्रश्न काढून आणा’ म्हटलं की मूल पुस्तकाकडे किंवा मोबाईलकडे वळतं, कारण प्रश्न ही त्याच्या लेखी परीक्षेतली गोष्ट असते. ‘सारख्या असायला पाहिजेत अशा दोन गोष्टी, पण वेगळ्या निघाल्या, असं काय बघितलंस?’ असं विचारलं की तेच मूल बोलायला लागतं. ‘आज्जीच्या घरातला माठ पाणी गार करतोय, आमचा करत न्हाई.’ ‘एकाच दिवशी धुतलेली दोन पोलकी, एक वाळलं, एक तसंच.’ संशोधनाला लागणारं सगळं सामान ह्या वाक्यांत असतं. तुलना असते, आणि कुठली तरी एक गोष्ट बदललेली असते. ती कोणती, हे अजून कोणाला माहीत नसतं.

असा फरक वर्गात समोर येतो तेव्हा आपण त्याचं काय करतो, ते आधी बघा. पाण्याचा उत्कलनबिंदू मुलं कधी ना कधी मोजतातच. पुस्तकात १०० अंश सेल्सिअस. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू जवळपास एका अंशानं उतरतो. म्हणजे इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. मुलाला तापमापकावर ९७ दिसतात, तो शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावतो आणि १०० लिहून मोकळा होतो. बऱ्याच शाळांत हे शिक्षकांच्या देखत चालतं. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. त्या पोराच्या हातात आयता प्रश्न आला होता, आणि मार्कांसाठी त्यानं तो खोडून टाकला.

तिथं थांबून विचारायचं, ‘तापमापक चुकतोय की आणखी काही आहे? कसं ठरवशील?’ विरघळत्या बर्फात तापमापक धरला आणि शून्य दाखवलं, म्हणजे त्याच्यावरचा संशय बराच कमी झाला. मग वर्गात कोणाची तरी मावशी गोव्यात असतेच. चोर्ला घाट उतरून तोच तापमापक समुद्राकाठी नेला आणि तिथं तो ९९-१०० दाखवायला लागला, तर मुलांना वातावरणाचा दाब आयुष्यभर शिकवावा लागत नाही. मात्र एखादा पुढं विचारेल, ‘पावसाळी हवेत दाब कमी असतो, मग तेव्हा पाणी आणखी लवकर उकळतं का?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. पण दाबातल्या रोजच्या चढउतारानं उत्कलनबिंदू अंशाच्या दहाव्या हिश्श्याइतका हलतो, आणि शाळेचा तापमापक एकेक अंशाच्या खुणांचा असतो. हत्यार तोकडं आहे हे त्याला त्याच्याच आकड्यांवरून कळू द्या. कोणता प्रश्न आपल्या आवाक्यात आहे, हे ओळखणं प्रश्न सुचण्याइतकंच महत्त्वाचं.

म्हणून पहिला महिनाभर ‘प्रोजेक्ट’ हा शब्द काढू नका. प्रत्येकाला एक छोटी वही द्या. रोज एक ओळ: अमुक इथं असं, तिथं तसं. कारण लिहायचं नाही, नुसता फरक. घरात बोलतात त्या भाषेत लिहू द्या. आपल्याकडची मुलं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि मोबाईलवर इंग्रजी अशी वावरतात. ‘बाष्पीभवनाचा दर’ असं शुद्ध लिहायला बसली की डोळ्यांनी बघितलेलं निम्मं गळून जातं. शास्त्रीय शब्द नंतर घालता येतात.

आता माठाचंच बघू, कारण खानापूर तालुक्यात कुंभारकाम जुनं आहे आणि कुंभाराकडे जाऊन बसणं मुलांना जमण्यासारखं आहे. ‘आमचा माठ जुना झाला, आता गार करत नाही’ हे घराघरांत ऐकू येतं. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, इथवर पुस्तकात आहे. पण जुना झाल्यावर नेमकं काय होतं? बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात, असं बहुतेक सांगतील. मग ते दाखवता आलं पाहिजे. मोठा माठ घेऊ नका. कुंभाराकडून एका भट्टीतली, एका मापाची बारा गाडगी आणा. चारांत रोज बोअरचं पाणी, चारांत नदीचं, चारांत पागोळीखाली धरलेलं पावसाचं. रोज ठरलेल्या वेळी भरायची, वजन करायचं, आणि काही तासांनी पुन्हा वजन व पाण्याचं तापमान घ्यायचं. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅम दाखवणारा किचनमधला काटा पुरतो. चार-चार कशाला, हे मुलं विचारतीलच. एका भट्टीतली दोन गाडगीसुद्धा एकसारखी पाझरत नाहीत, हे पहिल्या आठवड्यात त्यांना दिसेल, आणि तेव्हा सरासरी कशासाठी काढायची ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

ह्यात एक सुंदर हिशोब दडलेला आहे. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २,४०० ज्यूल उष्णता लागते, आणि एक लिटर पाणी एका अंशानं गार करायला ४,२०० ज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम उडालं तर पाणी अर्ध्या अंशाहून जरा जास्त गार व्हायला पाहिजे. मुलांनी काट्यावरून काढलेलं तापमान आणि तापमापकावर प्रत्यक्ष दिसणारं तापमान ताडून बघावं. जुळणार नाही. बाहेरच्या हवेतून उष्णता सतत आत येत असते, म्हणून वजन जास्त घटलेलं असतं आणि पाणी तेवढं गार झालेलं नसतं. ही तफावत कमी करायची तर माठ कुठं ठेवावा, ओलं फडकं गुंडाळावं का, खाली वाळू ठेवावी का, असे पुढचे प्रश्न मुलांचेच असतात. शेवटी बोअरच्या पाण्याची गाडगी लिंबाच्या रसानं धुऊन बघा. क्षार चुन्याच्या जातीचे असतील तर आम्लात विरघळतील आणि पाझर थोडा तरी परत यावा. नाही आला, तर क्षारांची गोष्ट अपुरी आहे आणि तेही लिहायचं.

हाच प्रयोग जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या अथणीच्या शाळेनं केला तर आकडे वेगळे येतील. आपल्या जिल्ह्याची ही मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीला ५००-६०० मिलिमीटर. पश्चिमेला जांभा आणि लाल माती, पूर्वेला काळी. तापमापकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळलं की तो जिथवर उतरतो, त्याच्या खाली माठातलं पाणी जाऊ शकत नाही. जुलैत पश्चिमेच्या जांबोटीकडे हा ओला तापमापक कोरड्याच्या जवळपासच राहतो. त्याच दिवशी अथणीकडे तो बराच खाली गेलेला असेल. तुमच्या ओळखीत तिकडचे एखादे सर असतील तर दोन्ही वर्गांनी एकाच दिवशी मोजायचं आणि व्हॉट्सॲपवर आकडे पाठवायचे. इतक्या कमी अंतरावर इतकं वेगळं हवामान फार थोड्या शाळांच्या वाट्याला येतं.

मातीबद्दलही एवढंच सांगतो: काळ्या मातीचा चिखल वेगवेगळ्या जाडीनं ताटल्यांत पसरा, वाळू द्या, आणि भेगांमधले तुकडे मोजा. थर जाड तसे तुकडे मोठे होतात. मग त्यात शेण किती मिसळलं की भेगा पडायच्या थांबतात, ते बघा. घर सारवणाऱ्या बायकांना हे प्रमाण हातानं कळतं. ते आकड्यात किती येतं, ते मुलांनी काढावं.

पुढची अडचण अशी येते की मूल ‘का’ विचारतं आणि तिथंच अडकतं. ‘का’चं उत्तर मोबाईल दोन सेकंदांत देतो आणि विषय संपतो. आपण त्या ‘का’चा ‘किती’ करायचा. पखवाजाचं उदाहरण देतो. सीमाभागात भजनी मंडळ नसलेलं मराठी गाव विरळाच. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, वाजवण्याआधी कणीक लावतात, हे मुलांनी लहानपणापासून बघितलेलं असतं. का लावतात? वजन वाढलं की कंप मंदावतात, स्वर खाली येतो. संपलं. पण दहा ग्रॅम कणकेनं किती उतरतो, वीस ग्रॅमनं किती? दुप्पट वजनाला दुप्पट उतरतो का? तेवढीच कणीक मधोमध लावली आणि कडेला लावली तर? काकड्याच्या भजनात तासाभरानं कणीक सुकते तेव्हा स्वर चढतो का, आणि वादक ती मधेच भिजवतो तेव्हा त्याच्या कानाला नेमका किती फरक जाणवलेला असतो? हे शेवटचे दोन प्रश्न मोबाईलला विचारून बघा. त्याच्याकडे तयार उत्तर सहसा नसतं, ते मोजावंच लागतं.

मोजायला फायफॉक्स हे मोफत ॲप चालतं, ते आवाजाची वारंवारता दाखवतं. खर्जातले स्वर फोनचा माईक नीट पकडत नाही, म्हणून फोन पुडीच्या अगदी जवळ, प्रत्येक वेळी एकाच अंतरावर ठेवायचा, थाप एकाच माणसाची, आणि प्रत्येक वजनाला किमान दहा थापा. मुलांना हेही सांगा की चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० साली शिवकाली कुमार ह्यांच्यासोबत ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर लेख लिहिला होता. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या लेपामुळे, ते जवळजवळ सुरेल पटीत येतात, हे त्यांनी दाखवलं. समुद्राच्या निळ्या रंगावरून सुरू झालेलं त्यांचं काम सगळ्यांना माहीत असतं, पण भजनात पखवाज धरणाऱ्या पोराला ही मृदंगाची गोष्ट जास्त जवळची वाटते.

‘पण हे आधी कोणी केलं असेल तर?’ ही भीती मुलांपेक्षा शिक्षकांना जास्त असते. शोधून जरूर बघा. सापडलं तर प्रश्न टाकू नका, उत्तर कोणत्या परिस्थितीतलं आहे ते वाचा. स्टीलच्या ताटलीवर सांडलेला चहा वाळला की कडेला गडद कडं उरतं. कडेचं पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कण नेतं, हा खुलासा १९९७ साली छापून आला. म्हणजे माणसं शतकानुशतकं जे बघत आली, त्याचं नीट स्पष्टीकरण तुमच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांच्या आयुष्यातलं आहे. पुढं २०११ साली असं दिसलं की कण गोल असण्याऐवजी लांबट असले तर कडं धरत नाही. मग भाताच्या पेजेचा थेंब काय करतो? हळदीच्या पाण्याचा? गुळाच्या पाकाचा? इथून पुढं मुलांचं स्वतःचं काम सुरू होतं.

आणि शाळकरी मुलांच्या हातून खरोखर नवं काही होत नाही, असं कोणी म्हणालं तर दोन गोष्टी सांगा. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी बंबलबी जातीच्या मधमाश्या रंग आणि त्यांची मांडणी लक्षात ठेवून फुलं कशी निवडतात, ह्यावर प्रयोग केले. त्यांचा लेख २०१० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ ह्या नियतकालिकात आला, मुलांच्याच शब्दांत. दुसरी गोष्ट मुलींना मुद्दाम सांगा. जर्मनीतली ॲग्नेस पॉकेल्स विद्यापीठात जाऊ शकली नाही. घरची भांडी घासताना पाण्याच्या पृष्ठभागावर तेलाचा, साबणाचा काय परिणाम होतो, हे तिनं स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या तबकात मोजलं. १८९१ साली तिनं भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले ह्यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते ‘नेचर’कडे पाठवून छापून आणलं. मोरीत सुरू झालेलं काम.

मुलांना ‘नको’ म्हणायला लागतं ते तीन-चार ठिकाणी. ‘जागतिक तापमानवाढ’, ‘जलप्रदूषण’ हे विषय आहेत, प्रश्न नव्हेत. मुलाला विचारा, ‘उद्या सकाळी काय मोजणार?’ उत्तर आलं नाही तर तो विषय ठेवून द्या. ‘आपल्या पूर्वजांचं कसं बरोबर होतं’ हे सिद्ध करायला निघालेले अभ्यासही मी थांबवतो. परंपरेतली गोष्ट तपासायला माझी अजिबात हरकत नाही, पण उत्तर ‘नाही’ आलं तरी लिहीन, असं मूल आधी कबूल करत असेल तरच. हाताचे, संडासाचे जिवाणू वाढवण्याचे प्रयोग शाळेत नकोत, ती वाढ सुरक्षित नष्ट करायची सोय आपल्याकडे नसते. चिकोडी-निपाणीकडच्या गुऱ्हाळावर प्रश्न भरपूर आहेत, पण उकळत्या काहिलीजवळ मुलांना जाऊ देऊ नका. गुळव्याला लांबून विचारा, रसाचा थंड झालेला नमुना आणा, चुना किती पडला की रंग कसा बदलतो ते शाळेत बघा.

स्पर्धांचा एक घोळ मिटवतो. इन्स्पायर-मानक ह्या सरकारी योजनेला उपयोगी वस्तूची कल्पना हवी असते. १९९३ पासून चालणाऱ्या बाल विज्ञान परिषदेला १० ते १७ वयाच्या मुलांनी केलेला अभ्यास हवा असतो. पहिल्यासाठी बनवलेलं मॉडेल दुसरीकडे नेलं की मुलं उगाच हिरमुसून परत येतात.

आता तुमची ती मुलगी. जोंधळ्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. भाकरीचं पीठ एकत्र धरतं ते मुख्यतः कढत पाण्यानं. सत्तर अंशांच्या वर पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो. आणि पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे एकत्र धरायची ताकद, जाते, हे तिच्या आईला माहीत आहेच. तर तिला तीन गोष्टी बदलून बघता येतील: पाण्याचं तापमान, पिठाचं वय, मळायचा वेळ. एका वेळी एकच बदलू द्या. मी पिठाच्या वयापासून सुरुवात करायला सांगेन, कारण घराघरांत त्याबद्दल ठाम मतं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी म्हणतं आठ दिवस, कोणी पंधरा.

‘मोडते’ हे मोजायचं कसं, ते तिलाच ठरवू द्या, पण तयारी ठेवा. ठरलेल्या वजनाचा गोळा दोन पट्ट्यांच्या मधे ठरलेल्या जाडीपर्यंत लाटण्यानं दाबायचा आणि कडेच्या भेगा मोजायच्या. किंवा सारख्या रुंदीची पट्टी कापून टेबलाच्या काठावरून हळूहळू पुढं सरकवायची आणि किती सेंटिमीटर बाहेर आली की तुटते, ते लिहायचं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, भेग कशाला म्हणायचं ह्यावर वाद होत नाही.

एक काळजी मात्र आधीच घ्यावी लागेल. तिनं आज पीठ दळून आणलं आणि महिनाभर दर आठवड्याला थापत बसली, तर दरवेळी हवा वेगळी, पाणी वेगळं, हातही वेगळा पडेल. त्यापेक्षा जोंधळ्याचं एकच पोतं ठेवायचं आणि त्यातलं थोडं थोडं चाचणीच्या तीस, पंधरा, आठ आणि एक दिवस आधी त्याच गिरणीत दळून आणायचं. मग चारही पिठं एकाच सकाळी, एकाच पाण्यानं, एकाच हातानं थापून होतात. थापायला आईलाच बसवा, तिच्यासारखा हात आपल्यापैकी कोणाचा नाही. डब्यांवर क, ख, ग, घ एवढंच लिहा. ही अक्षरं वर्गातल्या दुसऱ्या मुलीनं घालावीत, कोणतं पीठ किती दिवसांचं ती यादी तिनंच तुमच्याकडे बंद पाकिटात द्यावी आणि डबेही तिनंच मांडावेत, म्हणजे आईला आणि तुमच्या त्या मुलीलाही थापताना काही कळणार नाही. आईला आधी फक्त एक विचारून ठेवा: हात लागताच कोणतं पीठ जुनं वाटतं? तो क्रम आणि पट्टी तुटल्याचे आकडे, दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहायचे, आणि मगच पाकीट उघडायचं.